गोटीवरचं तूप

संध्याकाळचे सहा वाजायला पाच मिनिटं उरली की निरूबेन खुर्ची मागे सारत. पर्समधून मलमलची चिंधी, टोक बोथट केलेली काडेपेटीची काडी आणि स्पिरिटची बुटकी बाटली काढत, आणि टेबलावरच्या काळ्या डबीतली लाल गोटी खालच्या भोकातून पेन्सिलीने ढकलून तळहातावर घेत. 

बाकीच्यांपाशी माऊस होते. निरूबेनची ही डबी जागची हलायची नाही. तिच्या मधोमध लिंबाएवढी गोटी, ती दोन बोटांनी फिरवली की पडद्यावरचा बाण पळायचा, आणि गोटीभोवतीचं कडं फिरवलं की चित्र जवळ यायचं नाहीतर लांब जायचं. गोटी बसायची मोहरीएवढ्या तीन पांढऱ्या मण्यांवर. तळमजल्यावर भरतकामाच्या तीन लांबलचक मशिनी दिवसभर साड्यांवर टाके घालत असत, आणि त्यांच्या धाग्यांची लव जिन्याने वर येऊन कुठेही शिरायची. बोटांच्या घामाला चिकटून गोटीबरोबर आत जायची आणि त्या तिन्ही मण्यांना राखी टोप्या घालून बसायची. मग गोटी अडखळे. गोटी अडखळली की बाण अडखळे, आणि पानाचं टोक फुलाच्या पोटात घुसे. तेच मग खाली वीस सुया वीस साड्यांवर इमानेइतबारे उमटवत.

म्हणून रोजची ही सफाई. मणी काडीने खरवडायचे, नखाने नाही. आतला काचेचा डोळा कोरड्या चिंधीने टिपायचा, फुंकर मारायची नाही, कारण फुंकरीबरोबर थुंकी जाते. गोटी तेवढी स्पिरिटने पुसायची. पण एवढं करून तशीच बसवली तर ती फार कोरडी पडते, करकरते. त्यावर निरूबेनचा उपाय म्हणजे गोटी नाकाच्या कडेने एकदाच फिरवायची. नाकाचं तेवढं तेल तिला पुरतं.

"झाली का आंघोळ लखोटीची?" शेजारच्या टेबलावरचा कल्पेश विचारी, गोटीला तो लखोटीच म्हणे. "नाकाला काय लावता रोज, शिळी झाली का बघता?"

"तुझ्या माव्यापेक्षा वास बरा आहे तिचा," निरूबेन म्हणत. कल्पेशच्या गालात तंबाखू-सुपारीचा मावा चोवीस तास असायचा, आणि त्याला हसायचं झालं तरी आधी मान वर करावी लागायची.

निरूबेन जरीवाला जन्माच्या सुरती. बेगमपुऱ्यात बापाच्या घरी रेशमाभोवती चांदीची चपटी तार वळायचं काम चाले. सात वर्षांच्या असल्यापासून तार कुठे सैल पडली ते त्यांच्या बोटांना डोळ्यांआधी कळे. सासरीही तोच धंदा. तो बुडाला, नवऱ्याच्या, अश्विनभाईंच्या, छातीने काम करायचं सोडलं, आणि अडतिसाव्या वर्षी निरूबेनने नवसारीला दिलेल्या मुलीच्या जुन्या कॉम्प्युटरवर हात बसवला. साडीवरची वेल पडद्यावर टाका टाका करून मांडायची, मग मशीन ती वाचून शिवते. ह्याला तिथे पंचिंग म्हणतात. सोळा वर्षं त्या ते करत होत्या. माऊस फिरवून फिरवून उजवं मनगट असं धरलं की पोळी लाटता येईना. डॉक्टर म्हणाला, काम सोडा नाहीतर हत्यार बदला. तेव्हा ही गोटी आली. गोटी होती म्हणून खुर्ची होती, आणि खुर्ची होती म्हणून अश्विनभाईंचा श्वास धरणारा पंप घरात होता. इतका सरळ हिशेब होता तो.

आता ती खुर्चीच जायची वेळ आली होती.

झालं होतं ते असं. श्रावणात नानुभाई शेठ मोबाईल घेऊन आले. नानुभाई सावलिया मूळचे काठियावाडचे, आता इमारत त्यांची, तळाला मशिनी, मधल्या मजल्यावर ऑफिस आणि वरच्या मजल्यावर घर. मोबाईलवर एका जुन्या भरतकामाचा फोटो होता. पाच पाकळ्यांचं फूल, आणि त्यातली पाचवी पाकळी उलटी, आत वळलेली.

"लग्नसराईचा माल आहे, निरूबेन. असं फूल बाजारात कुणाकडे नाही."

"ही पाकळी सरळ करू ना? चुकलेली दिसते."

"जसं आहे तसं. एक टाका हलवायचा नाही."

"कुठलं आहे पण हे?"

"आपलंच आहे," शेठ म्हणाले आणि फोन खिशात घातला.

निरूबेनने जसं होतं तसं केलं. नवरात्राच्या सहाव्या दिवशी शेठनी त्यांच्या टेबलावर दोन साड्या आणून टाकल्या. एक आपली, अजून बाजारात न गेलेली. दुसरी रिंग रोडच्या मार्केटमधल्या एका दुकानातली, विकायला लागलेली. दोन्हींवर तेच फूल आणि दोन्हींवर पाचवी पाकळी आत वळलेली.

"फूल कुणालाही सुचेल," नानुभाई म्हणाले. त्यांचा आवाज चढत नसे, उलट खाली जाई, आणि तेच जास्त लागे. "वाकडी पाकळी दोघांना कशी सुचली?"

"मला काय विचारता, शेठ?"

"तुमच्या कॉम्प्युटरशिवाय ती कुठेच नव्हती. मी चोर म्हणत नाही. पण लाभपाचमीला नवीन वर्षाचा मुहूर्त करायचा आहे, तोवर ही गोष्ट उलगडली नाही तर त्या खुर्चीवर दुसरं माणूस बसेल."

त्याच दुपारी त्यांनी सगळ्या कॉम्प्युटरांच्या मागच्या खाचा लाखेने बंद केल्या, मेणबत्ती आणि शिक्का घेऊन, स्वतः गुडघ्यावर बसून. निरूबेनच्या गोटीची वायर जिथे घुसते तिथेही लाख ओतली. आता तिथून काही काढता येणार नव्हतं आणि काही नवीन लावताही येणार नव्हतं.

"शेठ, मशीन बँकेत ठेवा ना," कल्पेश मान वर करून म्हणाला. शेठनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

निरूबेनने मात्र पाहिलं. त्या दिवसापासून त्या कल्पेशकडे बघतच होत्या. भेस्तानहून येणारा, पस्तिशीचा, वर्षभरापूर्वीच लागलेला. ऑफिस सकाळी साडेआठला तोच उघडे, निरूबेन नऊला येत. किल्ल्या दोनच, एक ह्याच्या कमरेला आणि दुसरी वर नानुभाईंच्या स्वयंपाकघरात खुंटीला. पडदे कधी पूर्ण बंद होत नसत, कारण खालच्या मशिनी दिवसरात्र तिथूनच चित्र ओढत. गोटीला हात लागला की पडदा जागा होई. मग मोबाईलने फोटो काढायला कितीसा वेळ लागतो? कल्पेशचा फोन नवाच होता. निरूबेनने पाण्याची बाटली त्याच्या बाजूने काढून भिंतीकडे ठेवली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चंदी पडवो. त्या दिवशी सुरतेत संध्याकाळी कुणी कामाच्या जागी सापडलं तर त्याच्या घरी काहीतरी बिनसलंय असं समजावं. लोक घारी आणि भुसुं, म्हणजे तिखट फरसाण, बांधून तापीकाठी नाहीतर गच्चीवर जातात. घारी म्हणजे वरून तूप थिजवलेला खव्याचा गोळाच, ती खाल्ल्यावर बोटं साबणाने दोनदा धुवावी लागतात. ऑफिस चारला सुटलं. निरूबेनने चारला पाच कमी असतानाच गोटी पुसली, नाकाला लावली, बसवली. कल्पेशने त्यांच्यादेखत कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्यांनी गोटीवर बोटं ठेवली आणि बोटं घसरली.

गोटी जागच्या जागी गरगरत होती आणि बाण आळशासारखा मागून येत होता. त्यांनी ती बाहेर काढून नाकाशी नेली. तूप, वेलची, आणि आणखी काहीतरी, उग्र. मण्यांवर लव नव्हतीच, पिवळट थर होता, आणि त्या थरात तपकिरी रंगाची बारीक पूड. कड्यालाही तेच.

"वास कसला घेता?" कल्पेश.

"काल घारी कुठली खाल्लीस?"

"भागळच्या दुकानातली. का, उरली नाही म्हणून राग आला का?"

"हात धुतलेस?"

"निरूबेन, आई विचारायची असं. तीही मी दहा वर्षांचा झाल्यावर थांबली."

त्यांनी त्याच्या बोटांकडे पाहिलं. तंबाखूने पिवळी होतीच. पण तूप त्या दिवशी अख्ख्या सुरतेच्या बोटांना होतं. तुपाने एवढंच सांगितलं, की काल चार ते आज नऊ ह्या वेळात कुणीतरी ह्या खुर्चीवर बसलं होतं. कोण, ते तूप सांगेना.

 निरूबेनने हे फक्त घरी अश्विनभाईंना सांगितलं. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते.

"शेठला सांग."

"शेठच असतील तर?"

"स्वतःचं फूल माणूस स्वतः चोरेल?"

"दोन ठिकाणी विकलं तर दुप्पट मिळतं. आणि बदनाम व्हायला मी आहेच."

"तुला सगळेच चोर दिसायला लागलेत," अश्विनभाई म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मलाही कधीकधी विचारशील, पंप कुणी वापरला."

"वापरलाच होता कुणीतरी. झाकण उलटं होतं."

"मीच वापरला होता, निरू."

गोटीवर एक ओरखडा होता, तांदळाएवढा, कधीतरी फरशीवर पडली तेव्हाचा. निरूबेनने त्या संध्याकाळपासून सफाई झाली की तो ओरखडा बरोबर वरच्या बाजूला, पडद्याकडे टोक करून ठेवायला सुरुवात केली. बापाच्या घरी रात्री तारेची रिळं ठेवताना आई असंच करायची, शेवटचं टोक एका ठरावीक खिळ्याकडे. सकाळी टोक हललेलं असलं तर समजायचं.

पहिल्या सकाळी ओरखडा जागेवर होता. दुसऱ्या सकाळी गायब, गोटी फिरवल्यावर खालून सापडला. मण्यांवर तूप नव्हतं ह्या वेळी, तपकिरी पूड मात्र होती. तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच. निरूबेनने ती पूड कागदाच्या पुडीत गोळा केली. माव्यात सुपारीचे तुकडे असतात, चुना असतो. ह्यात तसलं काही नव्हतं, पिठासारखी बारीक होती.

मग कल्पेश मेहुणीच्या साखरपुड्याला अमरेलीकडच्या गावी गेला, दोन दिवस. जाताना किल्ली शेठकडे देऊन गेला. त्या दोन्ही दिवशी निरूबेन नऊला आल्या आणि दोन्ही दिवशी ओरखडा फिरलेला होता.

म्हणजे कल्पेश नव्हे. त्यांना बरं वाटायला हवं होतं. पण उरलं होतं एकच घर, वरचं. आणि त्या घरात कॉम्प्युटरपाशी बसणारा माणूस एकच, नानुभाई. तो रोज सकाळी येऊन बसतो, फोटो काढतो, बाहेर पाठवतो आणि नऊ वाजता खाली येऊन "जय श्रीकृष्ण, निरूबेन" म्हणतो. त्या दिवशी त्यांनी जय श्रीकृष्णला नुसती मान हलवली. शेठ निघून जाताना थांबले, मागे वळून त्यांच्या पर्सकडे पाहिलं, मग गेले. तेही काहीतरी शोधत होते हे निरूबेनला कळलं. दोघंही एकमेकांच्या हाताकडे बघत होती.

वाघबारस, म्हणजे वसुबारस, दोन दिवसांवर आली. त्यानंतर कारखाना दिवाळीसाठी बंद होणार आणि उघडणार तो लाभपाचमीला. म्हणजे हातात होत्या दोन सकाळी.

त्या संध्याकाळी निरूबेनने मणी खरवडले, डोळा टिपला, गोटी पुसली, नाकाला लावली. आणि डबीत बसवण्याऐवजी चिंधीत गुंडाळून पर्समध्ये टाकली. शेठनी लाखेने सगळ्या खाचा बंद केल्या होत्या, दुसरा माऊस लावायला जागा नव्हती. गोटी नाही तर तो पडदा कितीही जागा असो, त्यातला बाण तसूभर हलणार नव्हता. बसायला येणाऱ्याला आता काहीतरी बोलावंच लागेल, नाहीतर उठावं लागेल.

सकाळी त्या मुद्दाम लवकर निघाल्या. कल्पेश गावाहून परतला होता, जिन्यात उभा होता, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडात मावा नव्हता.

"तुमच्या खुर्चीवर बा बसल्यात," तो हळू आवाजात म्हणाला. "उठत नाहीत."

उजीबा म्हणजे नानुभाईंची आई. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काळ्या काठाची पांढरी साडी, कानात जड सोनं. सोळा वर्षांत निरूबेनचं त्यांच्याशी बोलणं जिन्यात वाट देण्यापुरतंच झालेलं. त्या खुर्चीवर, पाय वर घेऊन, मांडी घालून बसल्या होत्या, आणि उजव्या हाताचं बोट डबीच्या रिकाम्या खळग्यात घालून आत चाचपत होत्या.

"ह्यातलं फिरायचं ते कुठं गेलं?" त्यांनी विचारलं. रागाने नव्हे, घरातली वाटी हरवल्यावर सुनेला विचारावं तसं.

निरूबेनने त्यांच्या बोटाकडे पाहिलं. टोकाला तपकिरी रंग कायमचा मुरला होता. काठियावाडच्या म्हाताऱ्या बायका दिवसातून चार वेळा दातांना तपकीर लावतात, आणि लावून झाल्यावर बोट जिथे जाईल तिथे ती जाते.

"माझ्याकडे आहे, बा."

"काढ."

"आधी सांगा, तुम्ही रोज येता का इथे?"

"माझ्या घरात मी कुठं जाते ते तुला सांगू?"

"घर तुमचं. खुर्चीवर मला बसवलंय. तुमच्या येण्यापायी ती जायची वेळ आलीय."

उजीबांनी डोळे बारीक केले. "तू ती बाई ना, फूल खोक्यात घालणारी? मला ठाऊक आहे. नानिया माझी ट्रंक उघडतो आणि म्हणतो उघडली नाही. मी चाकळा ज्या घडीवर ठेवते ती घडी बदललेली असते. मग मी खाली येऊन बघते. हात लावला की दिवा लागतो, कडं फिरवलं की माझं फूल मोठं होतं, गोटी जरा सरकवली की पुढची वेल दिसते. जात्याचा खुंटा फिरवल्यासारखं आहे, त्यात काय. रोज बघते, आणखी किती घेतलं माझं."

"तुमचं फूल?"

"नाहीतर काय तुझं?"

कल्पेश दारात उभा राहून ऐकत होता. बांनी त्याला वर पाठवलं. "पलंगाखालची हिरवी ट्रंक. आणि सुनेला सांग, हात धुऊन हात लाव म्हणावं."

चाकळा आला. भिंतीवर लावायचा चौकोनी तुकडा, हाताने भरलेला, मधोमध आरसे आणि चारी बाजूंना तीच फुलं. निरूबेनने न विचारता हाताखाली घेतला. बोटांनी चाचपलं. पाचवी पाकळी आत वळलेली होती, एका फुलात नाही, कोपऱ्यातल्या चारही फुलांत.

"ही चुकली कशी, बा?"

"चुकली नाही. आईने शिकवली तशीच आहे." उजीबांचं बोट त्या पाकळीवर फिरलं. "सगळं सरळ भरलं तर नजर लागते. म्हणून एक पाकळी वळवायची. आमच्या गावात कुणी तोरणात हत्तीचा पाय आखूड करायचं, कुणी मोराचा डोळा भरायचंच नाही. आमच्या घरची ही पाकळी."

"तुमच्या घरची म्हणजे कुणाकुणाची?"

"चार बहिणी आम्ही. चौघींकडून आईने लग्नाआधी एकेक चाकळा भरून घेतला. दोघी गेल्या."

"आणि चौथी?"

"लीली. ती पण सुरतेतच, कतारगामला. सगळं गाव इकडेच आलंय, तिकडे फक्त म्हशी उरल्यात."

 निरूबेनने ड्रॉवर उघडून दोन साड्या काढल्या, आपली आणि रिंग रोडची, आणि चाकळ्याच्या दोन बाजूंना पसरल्या. उजीबांनी आधी एक पाहिली, मग दुसरी. दुसरीवर त्या जास्त वेळ थांबल्या. नखाने टाके मोजले.

"ही लीलीची," त्या म्हणाल्या. "ती देठाला एक टाका जास्त घ्यायची. लहानपणी आईने हातावर मारलं तरी घ्यायची."

निरूबेनने स्वतःची साडी उलटीकडून पाहिली. देठाला टाका कमी होता. तीन आठवडे ह्या दोन साड्या इथेच होत्या आणि त्यांनी, नानुभाईंनी, सगळ्यांनी फक्त पाकळी पाहिली होती. देठाकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

"नानिया," उजीबांनी तिथूनच हाक मारली. जिन्यात पावलं वाजली आणि नानुभाई आले, एका हातात चहाचा कप. त्यांनी खुर्चीवर आई पाहिली, टेबलावर चाकळा पाहिला, आणि कप तसाच हातात राहिला.

"बा, तू इथे काय करतेस?"

"तू माझ्या ट्रंकेत काय करत होतास?"

नानुभाईंनी निरूबेनकडे पाहिलं. निरूबेनने पडद्याकडे पाहिलं.

"घरचंच तर होतं," ते म्हणाले.

"मग मला का नाही विचारलंस? नाही म्हटलं असतं म्हणून?"

"तू ट्रंकेला हात लावू देत नाहीस कुणाला."

"बरोबर करते. बघ काय केलंस ते." बांनी रिंग रोडची साडी त्यांच्यापुढे सरकवली. "लीलीला फोन लाव. आणि मोठ्याने बोलेल असं कर, मला नीट ऐकू येत नाही."

फोन लागला. लीलीबा इतक्या मोठ्याने बोलत होत्या की फोनची गरज नव्हती. आधी दोन्ही बहिणींनी गुडघ्यांची चौकशी केली, मग बोरांच्या लोणच्याची. मग उजीबांनी विचारलं, "तुझ्या चाकळ्याचा फोटो कुणी काढला गं?"

"काढला ना. नातजावयाने. राखीपौर्णिमेला आला होता, त्याचं रिंग रोडला दुकान आहे. म्हणाला, बा, काय सुंदर आहे. मी म्हटलं घे बाबा काढून, तुझ्याच बायकोच्या पणजीचं फूल आहे."

"तुला विचारून काढला?"

"विचारूनच की. पेढेही दिले नंतर."

उजीबांनी नानुभाईंकडे मान वळवली आणि बघत राहिल्या. फोनमधून लीलीबा विचारत होत्या, का गं, काय झालं.

नानुभाईंच्या चहावर साय धरली होती. त्यांनी तो टेबलावर ठेवायला जागा शोधली, चाकळ्याजवळ ठेवणार तोच बा म्हणाल्या, "तिथं नको," तेव्हा पुन्हा हातात धरला.

"मग," ते म्हणाले, "आपलं माणूस नव्हतं तर."

"नव्हतं," निरूबेन म्हणाल्या.

"मी चोर म्हटलंच नव्हतं तुम्हाला."

"नाही. खुर्ची दुसऱ्याला देतो म्हणाला होतात."

"तसं कुठे, ते लाभपाचमीला बघू म्हटलं होतं." ते जिन्याकडे वळले. "चला, काम करा. वाघबारसेपर्यंत लाल साडीची किनार द्यायची आहे." ह्याहून जास्त माफी नानुभाई सावलियांनी कुणाची मागितल्याचं कारखान्यात कुणाला आठवत नव्हतं.

ते गेल्यावर कल्पेशने खिशातून मावा काढला, चोळला, आणि तोंडात टाकण्याआधी विचारलं, "मीच वाटलो होतो ना तुम्हाला?"

"वाटलास. पंधरा दिवस."

"बाटली भिंतीकडे गेली तेव्हाच समजलो."

"तुला कोण वाटलं होतं?"

"तुम्ही," कल्पेश म्हणाला. "रोज सहाला पाच कमी असताना टेबलावर काहीतरी उघडून, वाकून, पंधरा मिनिटं काय करता? मला वाटलं त्या लखोटीत घालूनच नेता बाहेर सगळं."

निरूबेनने पर्स उघडून गोटी काढली, डबीत बसवली आणि बांच्या पुढे सारली. उजीबांनी तपकिरीचं बोट लगेच पुढे केलं.

"आधी पुसा," निरूबेनने चिंधी दिली.

बांनी बोट पुसलं, नाराजीने. मग गोटी फिरवली. फूल पडद्यावर मोठं झालं, पाकळी एकेका टाक्यात दिसू लागली.

"हे असंच राहील ना? मी वर गेले की तू सरळ करशील."

"शेठनी एक टाका हलवायचा नाही म्हणून सांगितलंय."

"नानियाचं काय सांगतेस. मी सांगते, वाकडीच ठेव. सरळ केलीस तर ते माझ्या आईचं राहणार नाही. आणि मी येईन बघायला. तू असताना येईन, पण येईन. मला काय ठाऊक तू कशी आहेस."

"या ना," निरूबेन म्हणाल्या. "मलाही तुम्ही ठाऊक नाही."

लाभपाचमीला कारखाना उघडला. पाटावर दिवा, मशिनींना हळदीकुंकवाचे टिळे, प्रत्येकाच्या हातात गूळधणे. नानुभाई थाळी घेऊन ऑफिसात आले, पडद्याच्या चौकटीला कुंकू लावलं आणि बोट गोटीच्या रिकाम्या खळग्याकडे नेलं.

"तिथे नको, शेठ. कुंकू मण्यांवर उतरतं, महिनाभर निघत नाही."

शेठनी कुंकू डबीच्या कडेला लावलं. निरूबेन आपल्या खुर्चीवर बसल्या, पर्समधून गोटी काढली, नाकाच्या कडेने फिरवली, बसवली आणि वर्षाची पहिली वेल सुरू केली. बाण लोण्यातून जावा तसा गेला.

सहाला पाच कमी असताना त्यांनी ती पुन्हा बाहेर काढली, पुसली आणि चिंधीत गुंडाळली. नानुभाई दारात उभे होते.

"आता कशाला घरी नेता? झालं ना सगळं साफ? की अजून विश्वास नाही?"

निरूबेनने त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली वाकून कॉम्प्युटरच्या मागे पाहिलं. खाचांवरची लाख तशीच होती, शिक्क्यासकट, त्यावर आजचं ताजं कुंकू.

"तुम्ही ती लाख काढा," त्या म्हणाल्या, "मी गोटी इथे ठेवते."

 नानुभाईंनी लाखेकडे बघितलं, निरूबेनकडे बघितलं, आणि मग खिशातले हात न काढता "उद्या लवकर या, किनार राहिलीय," म्हणत वर निघून गेले.

निरूबेनने पर्सची चेन लावली. जिन्याच्या वरच्या पायरीवर उजीबा बसल्या होत्या, डबीतून तपकीर घेत.

"नेलीस?" त्यांनी विचारलं.

"नेली."

"बरं केलंस," उजीबा म्हणाल्या, आणि बोट दातांकडे नेलं.